माझ्या अंगात विणलेलं बिलालचं नाव

मी सोलापुरी चादर आहे, मित्रांनो, आता बरीच जुनी झालेली. पण चादरी ज्या कामासाठी जन्माला येतात, ते काम माझ्या वाट्याला फारसं आलंच नाही. मी कुणाच्या रुखवतात मांडली गेले नाही, की पाहुण्यांच्या उशाशी घडी होऊन बसले नाही. मी वाऱ्यावरच राहिले. मैदानाच्या कठड्यावरून खाली सुटायचं, फुगायचं, आणि भरल्या मैदानाला एक नाव दाखवायचं, एवढंच माझं आयुष्य.

ते नाव माझ्या मधोमध आहे. ‘टाकीचा बिलाल’.

टाकी म्हणजे आमच्या वस्तीतली पाण्याची उंच टाकी. तिच्या पायथ्याच्या मोकळ्या जागेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी क्लब काढला, तो टाकी क्लब. रस्त्यापलीकडे पूर्वी लाकडाची वखार होती, तिकडचा तो वखार क्लब. दोघांत एवढी चुरस, की सामन्याच्या आठवड्यात वखारीकडचा न्हावी टाकीकडच्या माणसाची दाढी करू लागला, की दुकानात कुणी बोलत नसे आणि गिऱ्हाईक डोळेही मिटत नसे.

माझा जन्म मकदूमचाचांच्या मागावर झाला. त्याच्या आधीचं सगळं मला स्वप्नासारखं आठवतं. कुठल्याशा शेतात मी पांढरी होते, हलकी होते. मग मी सूत झाले, मग रंगाच्या ऊन पाण्यात बुडाले आणि वर आले तेव्हा माझा अर्धा जीव टाकी क्लबच्या रंगाचा, हिरवा झाला होता. माग सुरू झाला. ती खटखट ऐकून मला वाटलं, हेच आपलं काळीज.

दुसऱ्या गावची माणसं लाडक्या खेळाडूचं नाव कापडावर रंगवतात. रंगवलेल्यावर पुन्हा रंगाचा हात मारता येतो. सोलापूरच्या माणसाला मात्र कापडावर काही कायमचं हवं असलं, की तो ते विणूनच घेतो. संगमेश हा टाकी क्लबच्या पाठीराख्यांचा म्होरक्या. बिलालचा जिवाभावाचा दोस्त. तो मागाजवळ उभा राहून चाचांना म्हणाला, “चाचा, असं विणा की धुतलं तरी जाऊ नये, घासलं तरी जाऊ नये.”

चाचा हसले. “विणलेलं कुटं जातंय रे बाबा? चादर फाटंल, पण नाव न्हाई जायचं.”

दोघंही त्यावर खूश झाले. मीही झाले. बिलाल कधी टाकी सोडून जाईल, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही.

मित्रांनो, तुम्ही बिलालला खेळताना बघायला हवं होतं. अंगानं किरकोळ, दिवसभर मालाचा टेम्पो चालवून दमलेला. पण चेंडू डाव्या पायाशी आला की तो पोरगा जमिनीवर राहायचा नाही. मी कठड्यावरून खाली बघत असायचे. संध्याकाळचं ऊन, उडालेली लाल धूळ, आणि त्या धुळीतून एक पाय अलगद पुढे येतो आहे... मला वाटायचं, मी अजून मागावरच आहे आणि हा माझ्यासमोर धोटा फिरतो आहे, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सामना जिंकला की पोरं मला सोडवून त्याच्या खांद्यावर घालायची. त्याचा घाम माझ्यात मुरायचा. लोकांच्या हाकांवर मी तरंगत घरी यायचे.

घर म्हणजे संगमेशचं घर. त्याची बायको महेश्वरी मला हातात घेई आणि आधी उजेडात धरून बघे, फटाक्याची ठिणगी कुठे पडली का, खिळ्यानं कुठे ओढलं का. तिची नजर फार बारीक. माळशिरसची मुलगी, कॉलेज शिकलेली. पोरगी झाल्यापासून ती झोपेतही एक कान जागा ठेवायची. ती पोरगी, श्रीदेवी, रांगायची ती माझ्यावरच. बिलाल घरी आला की तिला गल्लीत न्यायचा आणि सांगायचा, “डाव्या पायानं मार. उजव्यानं काय, सगळेच मारतात.” आठ वर्षांची होईपर्यंत तिनं शेजारच्यांच्या दोन कुंड्या डाव्या पायानं फोडल्या होत्या.

मग गेल्या हंगामाआधी बिलाल वखार क्लबमध्ये गेला.

मी तेव्हा कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात अर्धवट झोपले होते. दारावरची थाप मला ऐकू आली. वखार क्लब चालवणाऱ्यांचा टॉवेलचा कारखाना होता, तिथं बिलालला पक्की नोकरी मिळाली होती. ते सांगायला तो स्वतः आला होता. पण बातमी त्याच्या आधीच येऊन पोचली होती. संगमेश आतल्या खोलीतून बायकोला म्हणाला, “सांग त्याला, मी घरात न्हाई.”

महेश्वरी दारात गेली. मग बिलालचा आवाज आला, “वैनी, दादा आला की सांगा, मी येऊन गेलो.”

त्यानंतर मला कुणी बाहेर काढलं नाही. पावसाळा आला आणि गेला असावा. घडीच्या पोटात दमट वास आला, त्यावरून मी ताडलं. मी स्वप्नं बघत राहिले. हिरवं मैदान, त्यावर पांढरी अक्षरं, आणि चेंडू माझ्याच अंगावरून घरंगळतो आहे, थांबायचं नावच घेत नाही. अधूनमधून ओसरीवरची बोलणी आत यायची. चहाची गाडी चालवणारा रुद्रप्पा, क्लबचा सगळ्यात जुना पाठीराखा, त्याचा आवाज सगळ्यांच्या वर.

“त्याला ताप आलता तवा पेज घेऊन कोण गेलतं? मी! त्याचा पाय मुरगळला तवा तेल लावून कोण चोळलं? मी! आन् त्यो पाय आता वखारीकडनं खेळणार?”

“अण्णा, सोडा की आता,” संगमेश म्हणाला.

“सोडतो की. रविवारी वखारीसंगं मॅच हाय न्हवं? ती चादर आण. त्याच्या डोळ्यादेखत पेटवायची. मग सोडतो.”

संगमेश एवढंच म्हणाला, “आणतो.”

रविवारी दुपारी त्यानं मला काढलं आणि फरशीवर पसरलं. किती दिवसांनी उजेड बघितला मी! पण त्याच्या हातात कात्री होती. त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं. मला जाळायला त्याचा हात धजत नव्हता. नुसतं नाव उसवलं तर चादर वाचेल आणि रुद्रप्पाचंही समाधान होईल, असा त्याचा हिशेब.

त्यानं ‘बि’च्या पोटात कात्रीचं टोक घातलं आणि एक पांढरा धागा ओढला. मित्रांनो, माझ्या अंगात नावाचे धागे वेगळे आणि नावाभोवतीच्या हिरव्या मैदानाचे वेगळे असं काही नाही. जे सूत पुढे अक्षर होतं, तेच मागे मैदान होतं. पांढऱ्याबरोबर हिरवाही सैल झाला. त्यानं आणखी एक ओढला. ‘बि’ तसाच राहिला आणि त्याच्या शेजारी एक भोक पडलं.

“पप्पा, काय करतायसा?” श्रीदेवी दारात उभी होती.

“नाव काढतोय.”

“बिलालचाचाचं? का?”

“तो गेला म्हणून. गद्दार हाय तो.”

पोरगी जवळ येऊन बसली. तिनं भोकातून बोट घालून बघितलं. मग म्हणाली, “मी मोठी होऊन पुण्याला गेले तर माझं पण काढणार?”

“तुझं नाव कुटं हाय चादरीवर?”

“हितं हाय की,” तिनं बापाच्या हातावर बोट ठेवलं. त्याच्या मनगटाच्या वर ‘श्रीदेवी’ गोंदलेलं होतं.

संगमेशची कात्री तिथंच थांबली. स्वयंपाकघराच्या दारात महेश्वरी कणकेच्या हातांनी उभी होती. ती लेकीकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

“मीही माळशिरस सोडून आलेच की,” ती म्हणाली. “आमच्याकडच्यांनी ओटी भरून पाठवलं मला. सगळे रडले, पण गद्दार कुणी म्हणालं नाही.”

“लग्नाचं वेगळं असतंय.”

“काय वेगळं? त्याच्या घरी म्हातारी आई आहे. टेम्पो कधी असतो, कधी नसतो. पक्की नोकरी तुमचा क्लब देणार होता का?”

“आमी काय देणार? आमचंच आमाला पुरंना.” संगमेश म्हणाला. “पण निदान सांगायचं तरी हुतं मला. दोस्त म्हणवतो न्हवं?”

“सांगायलाच आला होता. तुम्ही आतून सांगितलंत, घरात न्हाई म्हण. ऐकू गेलं ते त्याला.”

“ऐकू गेलं?”

“तीन खोल्यांचं घर आपलं. कुठं लपणार आवाज?”

संगमेशनं कात्री खाली ठेवली. भोकावर तळहात ठेवून तो तसाच बसून राहिला. त्याचा हात गरम होता. मग त्यानं माझी घडी घातली आणि मला काखेत मारलं.

“जाळणार?” महेश्वरीनं विचारलं.

“आणतो म्हणून शब्द दिलाय.”

महेश्वरी हात धुऊन, पोरीला घेऊन मागोमाग निघाली. भांडण होणाऱ्या जागी ती लेकीला कधी नेत नसे. त्या दिवशी मात्र घरी बसवलं नाही तिला. मैदानात ती फाटकाजवळची जागा धरून बसली. कोणाच्या हातात काय आहे, कोणाच्या तोंडाला वास येतो आहे, पोरगी कुठल्या बाजूनं लवकर बाहेर काढता येईल, सगळं तिनं बसण्याआधीच बघून घेतलं.

“आण इकडं,” रुद्रप्पानं खिशातून काडेपेटी काढली.

“मॅच तर बघू, अण्णा,” संगमेश म्हणाला आणि मला मांडीवर ठेवून घट्ट धरून बसला.

वखारीच्या लाल जर्सीत बिलाल मैदानात आला तेव्हा आमच्या बाजूनं असा आवाज उठला, की माझ्या घड्यांत थरथर भरली. त्याच्या पायाशी चेंडू गेला की शिव्या, चेंडू सुटला की शिट्ट्या. तो मान खाली घालून पळत होता. मी मांडीवरच्या घडीतून डोकावत होते, आणि खरं सांगू, मला लाल आणि हिरवं वेगळं दिसेना. तीच धूळ, तेच कलतं ऊन, तोच पाय. सगळं मैदान एका मागावर चढल्यासारखं वाटत होतं.

मग सामना संपत आला असताना त्यानं आमचे दोन गडी चुकवले आणि कोपऱ्यातून डाव्या पायानं चेंडू असा वळवला, की आमचा गोलरक्षक तो बघतच राहिला. गोल.

वखारीच्या बाजूला आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. आमची बाजू मात्र गप्प. आणि त्या शांततेत दोन लहान हातांच्या टाळ्या वाजू लागल्या.

सगळे मागे वळले. श्रीदेवी बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. एका माणसानं फेकायला हातात घेतलेली चप्पल तशीच धरून तिच्याकडे बघितलं. महेश्वरीचा हात पोरीचे हात धरायला झटकन पुढे आला... आणि मधेच थांबला. मग तो हात तिनं पोरीच्या पाठीवर ठेवला. आणि तिथंच राहू दिला.

रुद्रप्पा उठून जवळ आला. “ए पोरी! टाळ्या कसल्या वाजवतीस गं?”

“गोल चांगला होता म्हणून.”

“आगं, गोल आपल्यावर झालाय!”

“झालाय की,” श्रीदेवी म्हणाली. “पण चांगला होता.”

रुद्रप्पानं मैदानाकडे बघितलं. “डाव्या पायाचा...” तो स्वतःशीच पुटपुटला. “आमच्या तेलाचा पाय हाय त्यो.” आणि म्हातारा बाकावर खाली बसला. काडेपेटी मुठीत होती, पण त्याला तिची आठवण नव्हती.

सामना संपल्याची शिट्टी झाली तसा संगमेश उठला. कठड्याशी गेला आणि त्यानं मला खाली सोडलं. वाऱ्यानं मला धरलं. किती दिवसांनी! काही जण उठून निघून गेले, मागून एक शिवी आली, पण मला ओढायला कुणाचा हात पुढे झाला नाही. खाली बिलाल थांबला होता. त्यानं नाव वाचलं, नावाशेजारचं भोक बघितलं, मग वर संगमेशकडे बघितलं. दोघांपैकी कुणालाच हात हलवायला सुचेना.

शेवटी रुद्रप्पाच ओरडला, “काय बघतोस बिल्या! केवढा वाळलायस! तिकडं खायाला घालत न्हाईत व्हय?”

बिलालनं बाहीनं तोंड पुसलं. “उद्या चहाला येतो, अण्णा!”

“ये की. त्यो लाल सदरा तेवढा घरी ठिवून ये.”

टाकी क्लब त्या दिवशी हरला, मित्रांनो. घरी येताना सगळे चिडचिडत होते, गोलरक्षकाला नावं ठेवत होते, आणि श्रीदेवी मला अंगाभोवती गुंडाळून पुढे चालत होती. आता वखारीशी सामना असला की मी घरीच असते आणि इतर वेळी कठड्यावर. भोकाला महेश्वरीनं रफू केलं. तिच्याकडे नेमका तसा हिरवा दोरा नव्हता, म्हणून तिथं जरा गडद ठिपका दिसतो. तो तसाच राहू दे.

माझं तुमच्याजवळ फार मागणं नाही. चादर घरी असेल तर तिला कडक उन्हात वाळवू नका, दमट कपाटात विसरू नका. आणि तुमच्यातून कुणी उठून दुसरीकडे गेला, तुम्हाला त्याचा राग आला, तर खुशाल रागवा. रागावण्याइतका तो तुमचा होताच. पण त्याचं नाव उसवायला कात्री घ्याल, तेव्हा पहिला धागा ओढून थोडं थांबा आणि बघा, त्याच्याबरोबर तुमचंही काय काय सैल होतं आहे.