दोन बादल्या सोडून

"त्या दिवशीसुद्धा ही नळावरच होती," माझ्या आत्याच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, आणि खोलीतल्या सगळ्या माना आत्याकडे वळल्या.

आतोबांना जाऊन चार दिवस झाले होते. मी सकाळच्या गाडीने पोचले होते, पायांतले मोजेही अजून काढले नव्हते. भिंतीला लागून शेजाऱ्यांकडून आणलेल्या खुर्च्या होत्या, त्यांवर भेटायला आलेली माणसं. कोपऱ्यात आतोबांचं घड्याळं दुरुस्त करायचं टेबल, त्यावर लोकांची चार मनगटी घड्याळं पोट उघडून पडलेली. आत्या पलंगाच्या कडेला बसली होती. जाऊबाईंचा आवाज कधी चढत नसे, त्या हळू बोलूनच कापत.

"माणूस आत शेवटचा श्वास घेतोय, आणि ही बाहेर पाण्यात काचेची नळी बुडवून आकडा लिहितेय. मी तर बाई ऐकूनच गार झाले."

आत्यानं खांद्यावरची शाल सारखी केली. "दवाखान्याचं काम आहे ते," ती म्हणाली. "बाळंतिणींच्या आंघोळीच्या पाण्याचं. हिनंच दिलंय मला."

मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

काम मीच दिलं होतं, हे खरं. मी ज्या कचेरीत आहे तिथे इमारत बांधायच्या आधी ती संगणकावर उभी करतात आणि वर्षभर चालवून बघतात. ऊन किती येईल, थंडी किती शिरेल, पाणी तापवायला किती उष्णता लागेल. आत्याच्या गावात बाळंतपणाचं नवं रुग्णालय व्हायचं होतं आणि त्याच्या गरम पाण्याचा भाग माझ्या वाट्याला आला होता. पाणी किती तापवायचं हे सांगायचं तर ते नळाला येतं तेव्हा किती गार असतं, हे आधी कळायला हवं. हवेच्या नोंदी कुठेही मिळतात. नळाच्या पाण्याची नोंद ठेवायला मात्र कुणी बसलेलं नसतं.

मला आत्या आठवली. आत्या नेमाची. तिनं एकदा धरलेलं सुटत नाही. पहाटे उठून देवापुढे हात जोडल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नाही, तापात फणफणलेली असली तरी नाही. तिला मी एक तापमापी पाठवली आणि फोनवर सगळं समजावून दिलं. रोज पावणेसहाला, एकाच वेळी. नळ सोडल्याबरोबर येतं ते रात्रभर घराच्या नळीत साचलेलं पाणी, ते खोटं. दोन बादल्या सोडून द्यायच्या, मग रस्त्याखालच्या मोठ्या नळातलं येतं, ते खरं. त्यात तापमापी धरायची, पारा थांबेपर्यंत थांबायचं आणि लिहायचं. सोडलेल्या पाण्याचं काय करू, एवढंच तिनं विचारलं. झाडांना घाल म्हटलं.

आतोबांना तर खेळच मिळाला. सुरुवातीला ते बादली धरायला तिच्याबरोबर अंगणात येत आणि पारा थांबायच्या आत आपला अंदाज सांगत. हरले की तापमापी बिघडलीय म्हणत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "मला ताप आला तर ही म्हणते, जरा थांबा, आधी नळाचा बघून येते."

चौथ्या महिन्यात रुग्णालयवाल्यांना अहवाल एकाएकी तातडीने हवा झाला. वर्षाची नोंद पुरी व्हायला आठ महिने होते. अशा वेळी वापरायचं एक सूत्र आहे. गावच्या हवेची वर्षाची सरासरी घ्यायची, सगळ्यात उष्ण आणि सगळ्यात थंड महिन्यांतला फरक घ्यायचा, आणि जमीन हवेच्या मागून तापते, मागून निवते, म्हणून सगळं थोडे दिवस पुढे ढकलायचं. रोजच्या पाण्याचा आकडा हाती येतो. सगळे तेच वापरतात. मीही वापरलं, अहवाल दिला आणि दुसऱ्या कामाला लागले. आत्याला 'आता थांब' म्हणायचं राहिलं.

राहिलं, असं म्हणते खरी. पुढच्याच महिन्यात तिचा फोन आला होता, आकडे वाचून दाखवायला. त्या दिवसाचा आकडा सांगताना ती म्हणाली, आज ह्यांचा अंदाज बरोबर आला बरं का, तेही लिहू का? इतकी हौस होती आवाजात. मी म्हटलं, तू लिहून ठेव, मी आले की घेऊन जाईन. एक वाक्य बोलायचं होतं, ते मी पुढच्या फोनवर ढकललं. मग आतोबा अंथरुणाला खिळले, आणि मग त्या वाक्याला जागाच उरली नाही. असे दहा महिने गेले.

"खरंच लागत होतं का गं ते रोजच्या रोज?" जाऊबाईंनी मला विचारलं. "एक दिवस नसतं लिहिलं तर काय दवाखाना कोसळला असता?"

आत्या माझ्याकडे बघत नव्हती. स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"लागत होतं," मी म्हणाले. "एकही दिवस चुकवून चाललं नसतं."

कुणीतरी चहाचं काढलं. आत्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माझे इतके उपकार मानलेले होते की मी मोजे काढायच्या निमित्तानं खाली वाकले.

दुपारी माणसं पांगल्यावर तिनं मला त्या पहाटेचं सांगितलं. आतोबा रात्रभर बरे होते. पाच-चाळीसला त्यांनीच तिला हलवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घड्याळांवर डोळा ठेवलेला माणूस, वेळ त्यांच्या अंगात होती. वेळ झाली, जा, म्हणाले. ती गेली. पहिली बादली भरली, दुसरी लावली. आत काहीतरी खोकल्यासारखं वाजलं, तिला ऐकू आलं. दुसरी बादली अर्धी व्हायची होती.

"तशीच उठून जावं असं मनात आलं," आत्या म्हणाली. "पण म्हटलं अर्धीच राहिलीय. तू सांगितलं होतंस, दोन सोडल्याशिवाय खरं पाणी येत नाही. आकडा घेतला. आठ पूर्णांक चार. आत आले तर हे नव्हतेच."

तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

"मोठ्या बाई बोलतात ते काही खोटं नाही गं. अर्ध्या बादलीसाठी मी त्यांना एकटं सोडलं. रोज रात्री डोळे मिटले की ती बादली भरत असते. मग मी देवाला सांगते, कुणाच्या तरी लेकराच्या पहिल्या आंघोळीचं पाणी होतं ते, माझं नव्हतं. एवढं म्हटलं की झोप लागते."

परत निघताना तिनं तीन वह्या माझ्या पिशवीत घातल्या, साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून.

ते आकडे मी गेल्या गेल्या संगणकात भरले. मला वाटत होतं ते सूत्राशी जुळतील, मग मी म्हणू शकेन की तुझंच काम वापरलं, निराळ्या वाटेनं. थंडीपर्यंत ते जुळलेही. मग जुळेनात. त्या गावाचं पाणी वरच्या डोंगरातल्या तळ्यातून येतं. थंडी सरते, झाडांना पालवी फुटते, लोक स्वेटर पेटीत टाकतात, आणि नेमकं तेव्हा वरचं बर्फ वितळून तळ्यात उतरू लागतं. सूत्राला गावची हवा ठाऊक होती, तळं ठाऊक नव्हतं. सूत्र म्हणत होतं बारा. वहीत होतं सहा, पाच, पाच, सहा. जवळजवळ सहा आठवडे. त्यातल्या एका दिवसासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बोटं बधिर. ह्यांनी चोळून दिली.'

एवढ्या गार पाण्यातून अंगाला सोसेल असं कोमट पाणी करायचं तर सव्वापट उष्णता लागते. म्हणजे त्या सहा आठवड्यांत रुग्णालयातलं गरम पाणी सकाळीच संपणार होतं.

वही घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब भला माणूस. त्यांनी पानं उलटली, अक्षराचं कौतुक केलं. टाक्या गच्चीवर चढल्या होत्या, बॉयलरची खोली बांधून झाली होती, दुसरा बॉयलर ठेवायला हातभर जागा नव्हती. वर्षाची सरासरी जुळते ना, त्यांनी विचारलं. जुळते म्हटलं. मग झालं तर.

"सरासरीत कुणी आंघोळ करत नाही, साहेब."

ते हसले. अहवालाच्या शेवटच्या पानावर एक टीप घाला म्हणाले. मग त्यांनी विचारलं, ही वही आपल्याला कधी मिळाली? तिथे मी खरं बोलले असते, नोंद पहिल्यापासून चालू होती आणि मीच ती वाऱ्यावर सोडली, तर कदाचित त्यांनी वरपर्यंत शब्द टाकला असता. मी म्हणाले, नुकतीच मिळाली. टीप लिहिली. चार ओळी.

रुग्णालय सुरू झालं. आत्यानं फोनवर सांगितलं की ती रोज सकाळी तिथे जाते. ज्यांच्याबरोबर कुणी आलेलं नसतं अशा बायकांजवळ बसते, त्यांची पोरं न्हाऊ घालते. आता नळावरचं काम नाही, मग पहाटेचं करायचं काय, म्हणाली. तुझ्या दवाखान्यात, असं ती म्हणायची. कुणी नवं भेटलं की सांगायची, इथलं पाणी माझ्या भाचीनं बसवलंय, आकडे माझे आहेत.

पालवी फुटली तशी मला झोप येईना. दोन दिवसांची सुटी काढून मी गेले.

सकाळचे साडेसात झाले होते. न्हाणीघर लांबट, पांढऱ्या फरशीचं, भिंतीला तीन नळ, मध्ये गुडघाभर उंचीचा ओटा. आत्या स्टुलावर बसली होती, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक लाल, सुरकुतलेलं मूल. समोर टब. तिनं नळाखाली हात धरला होता. शेजारी कमरेवर हात ठेवून दवाखान्याची आया उभी होती.

"आजी, तुम्ही त्याला हात जोडलेत तरी तो आता तापायचा नाही," आया म्हणत होती. "पहिल्या पाच बाळंतिणी राण्या, बाकीच्या आमच्यासारख्या. पंधरा दिवस झाले, हेच चाललंय. मी स्वयंपाकघरातून पातेलं आणते." ती माझ्या बाजूनं निघून गेली.

आत्यानं मला पाहिलं. आश्चर्य दाखवलं नाही. हात नळाखालीच होता.

"या दिवसांत पाणी पाचावर येतं," ती म्हणाली. "मी लिहिलं होतं."

"हो."

"तुझ्या वाचण्यात आलं नाही का?"

फोनवर मी हजारदा ढकललेलं वाक्य आता ढकलायला जागा नव्हती. "आत्या, ते आकडे घेतलेच नव्हते. अहवाल आधीच देऊन टाकला होता, दुसऱ्या एका सूत्रावरून. तुला थांब म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही."

नळ चालू होता. तिनं तो बंद केला. मुलानं तोंड उघडलं, रडण्याचा विचार केला आणि पुन्हा मिटलं.

"आधी म्हणजे कधी?"

"चौथ्या महिन्यात."

ती थोडा वेळ मुलाच्या टाळूकडे बघत राहिली. ओठ हलले, ती महिने मोजत होती.

"चौथ्या महिन्यात," ती म्हणाली. "तेव्हा ते चालत होते."

त्यापलीकडे ती काही म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही कधी नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात आया वाफाळतं पातेलं फडक्यानं धरून आत आली आणि टबात ओतू लागली. बाई, वाटेतून सरका, मला म्हणाली. आत्यानं कोपर बुडवून पाहिलं, आणखी थोडं ओतायला लावलं, पुन्हा पाहिलं. मग टॉवेल उलगडून तिनं ते मूल डाव्या हातावर घेतलं आणि पाण्यात उतरवलं, आधी पाय, मग पाठ. मूल शहारलं नाही. तिच्या पाठीकडून मला तिचे खांदे तेवढे दिसत होते, आणि ते अगदी सावकाश, ठरल्या लयीत हलत होते.

"दार लोटून घे," ती मागे न बघता म्हणाली. "वारा लागतोय त्याला."

आतून लोटायचं की बाहेरून, ते तिनं सांगितलं नाही. मी बाहेरून लोटलं.