गळा कुणाचा

"बिनामाईकचं गानं? बाप्पा, लोकं काय म्हनतील! जगातला एवढा मोठा गायक आनला अन् माईक नाई लावला?"

भय्याजी म्हणजे आमच्या रुआबांध्याच्या विहार समितीचे अध्यक्ष. ते मैदानात उभे राहून एवढ्या मोठ्यानं बोलत होते की त्यांना स्वतःला तरी माईकची गरज नव्हती. जयंतीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या धाकट्या भावाचा, चंदनचा, सत्कार आणि गाणं ठरलं होतं. त्यासाठी दुर्गहून डीजे मागवला होता. स्टेजच्या दोन्ही बाजूंना कपाटाएवढ्या पेट्या रचलेल्या.

"भय्याजी, त्याच्या ऑपेराच्या गान्यात माईक नसतेच," मी म्हटलं. "तिकडं व्हिएन्नाले एवढाल्या थेटरात असेच गातात. तेच त शिकला ना तो."

"तिकडं नसन. इथं जयंती हाये."

चंदन माझ्या शेजारीच उभा होता. मिलान, बर्लिन, न्यूयॉर्क इथली माणसं ज्याच्यासाठी उठून उभी राहतात, तो लहानपणी कान पिळणाऱ्या भय्याजींपुढे खाली मान घालून उभा! मला त्याचा असा राग आला.

"जाऊ दे ना, ताई," तो पुटपुटला.

"जाऊ दे कसं? बाबा येनार हायेत."

सगळी अडचण तिथेच होती. आमचे बाबा, देवीदास गजभिये, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये लाल तापलेला रूळ कापणाऱ्या करवतीवर कामाला होते. तिथल्या आवाजापायी कानात घालायला बोंडं मिळत, ती बाबा खिशात ठेवत. शेजारच्याची हाक ऐकू आली नाही तर कुणाचा तरी हात जाईल, असं त्यांचं म्हणणं. हात कुणाचा गेला नाही, बाबांचे कान तेवढे गेले. तेही पुरते नाहीत. बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी गेली, दारावरची बेल गेली, मी गेले, आणि सगळ्यांच्या आधी आई गेली, कारण तिचा आवाज पातळ. खालच्या पट्टीतलं जाड बोलणं मात्र त्यांच्यापर्यंत अजून पोचायचं.

चंदनचा आवाज फुटला तो असा खोल गेला की वंदनेला तो बसला की विहारातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बाबा मात्र खूश. "याचं मले आयकू येते!" झालं, त्या दिवसापासून चंदन घरचा निरोप्या झाला. आई स्वयंपाकघरातून बोलायची आणि हा तिचं बोलणं छातीतून काढून बाबांना ऐकवायचा. "आई म्हनते, जेवा." "आई म्हनते, तुमाले अक्कल नाई." दोघांची सगळी भांडणं त्या पोरानं वाहिली. आवाज कसा कमावला, असं परदेशातले पत्रकार त्याला विचारतात. तो बिचारा काय सांगणार, आईचे टोमणे पोचवून?

मल्याळी मित्राच्या नादानं तो एका नाताळात चर्चच्या गाण्याला जाऊन उभा राहिला. तिथे गाणं बसवणाऱ्या कुरियन सरांनी त्याला हेरलं, शिकवलं, मुंबईला धाडलं. मुंबईहून शिष्यवृत्तीवर जर्मनी. बरीच वर्षं तो ऑपेराच्या मागच्या रांगेत लाकडी भाला धरून उभा होता. त्या फोटोत बाबांनी त्याला ओळखलंसुद्धा नव्हतं. मग व्हिएन्नात तो पुढे आला आणि मागे गेलाच नाही. राजा झाला, कपटी प्रधान झाला, लेकीसाठी रडणारा बाप झाला. गोऱ्या लोकांनी 'गाजबीए, गाजबीए' करत त्याला डोक्यावर घेतलं.

"आवाज माझा घेतला पोट्ट्यानं," बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला पेपरातला फोटो दाखवून सांगायचे.

"गळा माझा हाये!" आई मागून फणकारायची. "यायनं कधी एक ओळ तरी म्हनली का?" पण ते बाबांना ऐकू जायचं नाही, आणि ऐकवणारा सातासमुद्रापार.

गंमत म्हणजे एवढा छाती फुगवणाऱ्या बाबांनी त्याचं गाणं ऐकलेलंच नव्हतं. मोबाईलवर त्यांना नुसतं तोंड दिसायचं. "मोठं उघडते लेकाचा," एवढाच अभिप्राय. कानाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. चंदन घरी यायचा तेव्हा गायला तयार असायचा, पण बाबांचा हट्ट. "घरात नको. घरात त सारेच गातात. आपल्या लोकाईसमोर म्हनशीन तवा आयकीन." आणि मोठ्या पेटीतून आलेला आवाज त्यांना मिलसारखाच लागायचा, नुसता घरघराट. कानातलं मशीनही शिट्टी मारायचं. म्हणजे डीजे वाजला की इतकी वर्षं धरलेला तो हट्ट फुकट. आता बाबांची सत्तरी उलटून गेली होती, आणि चंदनला परवा निघायचं होतं.

पण भय्याजींनी ऐकलं नाही. मैदान भरलं. पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, शेजारी आई निळ्या काठाच्या साडीत. हार झाले, भाषणं झाली. चंदन माईकपासून चार पावलं मागे सरकून उभा राहिला, तर भय्याजींनी तो स्टँडवरून उचलला आणि स्वतः त्याच्या तोंडापुढे धरला. चंदन डावीकडे सरकला, भय्याजी डावीकडे. उजवीकडे, तर उजवीकडे. माझ्यामागच्या पोरी खिदळायला लागल्या.

त्यानं पहिला सूर लावला आणि पेट्या किंचाळल्या.

"भैया, दूर रखो! स्पीकर फट जाएगा!" डीजेवाला विक्की ओरडला.

बाबांनी कानातलं मशीन उपटून खिशात टाकलं आणि ते उठले. रागानं नाही. सवयीनं. असल्या कार्यक्रमातून ते नेहमी असेच उठून घरी जायचे. आईनं त्यांची बाही धरली, ती त्यांनी हलकेच सोडवली.

"बाबा! बसा!"

माईकमध्ये नव्हे. माईक चंदननं हातानं बाजूला सारला होता. हा 'आई म्हनते, जेवा'वाला आवाज होता, फक्त आता तो मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. बाबा वळले आणि बसले. भय्याजी तर त्यांच्याही आधी, स्टेजच्या पायरीवरच.

"बसलो, बाप्पा," भय्याजी म्हणाले आणि त्यांनी माईक बंद केला.

मग चंदन गायला. इटालियनमधला एक शब्द कुणाला कळला असेल तर शपथ. पण तो आवाज क्वार्टरांच्या भिंतींवर जाऊन परत आला, समोशाच्या गाडीवाल्यानं स्टोव्ह बंद केला, आणि मघा खिदळणाऱ्या पोरी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी बाबांकडे पाहत होते. त्यांनी कानामागे हात धरला होता. थोड्या वेळानं तो हात खाली आला. त्याची गरज उरली नव्हती. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी तर सरळ हुंदके देऊन रडले, लपवायचं काय त्यात?

गाणं संपलं. अख्खं मैदान उठलं. शिट्ट्या, आरोळ्या, 'जयभीम'चा गजर. भय्याजी लोकांना सांगत सुटले, "पाहा, म्हनून माईक नाई लावला आमी!"

चंदन स्टेजवरून उतरून बाबांपुढे गुडघ्यांवर बसला. बाबांनी त्याच्या छातीवर तळवा ठेवला.

"माझा आवाज," ते म्हणाले.

"तुया बाबाले सांग," आई पुढे झाली, "गळा माझा हाये म्हना!"

चंदननं इतक्या वर्षांनी आपलं जुनं काम केलं. "आई म्हनते, गळा तिचा हाये."

"मालूम हाये मले," बाबा म्हणाले. "पुलगावच्या विहारात हिचं गानं आयकूनच त लग्नाले हो म्हनलं होतं मी."

आईचा पातळ आवाज आणखी पातळ झाला. "मंग माझा-माझा कावून करत होते, इचार."

चंदननं विचारलं.

"चिडते ना ती. आयकू त येत नाई तिचं. चिडली म्हंजे माझ्याशी काही बोलून राहिली, एवढं तरी दिसते."

आईनं पदर तोंडाला लावला. मग ती चंदनच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "सांग त्यायले, मी अजून गाते. भांडे घासताना."

चंदननं घसा साफ केला. "आई म्हनते..." एवढं म्हटलं आणि व्हिएन्नात कधी न अडलेला त्याचा आवाज तिथेच अडला.

बाबा कानामागे हात धरून थांबले होते.