मावशीसाठी कॉलेज बघायला

मावशीला नर्सिंगच्या पदव्युत्तर वर्गात जागा मिळाली आणि ती आनंदाने उड्या मारण्याऐवजी प्रवेशाचं पत्रच पुन्हा पुन्हा वाचत बसली. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. माझ्या जन्माआधीपासून ती वॉर्डात नर्स आहे. "दोन वर्षं पुस्तकांत डोकं घातलं की मी टेबलामागची बाई होणार," ती म्हणाली. "मग पेशंट फक्त कागदावर भेटणार."

"चल, मी बघते तुझं कॉलेज," मी म्हणाले. शाळेची वादविवाद स्पर्धा नुकतीच जिंकल्यामुळे कुणालाही प्रश्न विचारायची भीती मला उरली नव्हती.

"थाट तर असा, की कॉलेजच हिच्याकडे प्रवेश मागतंय," आई म्हणाली.

विभागप्रमुख मॅडमनी आम्हा दोघींना स्वतः फिरवलं. वाचनालयातल्या खुर्च्यांच्या गाद्या पार दबलेल्या होत्या. चांगलं लक्षण. म्हणजे इथे लोक खरंच बसतात. मावशी मात्र पाण्याचा नळ कुठे आणि जिना किती उंच, एवढंच विचारत होती.

"मावशी, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस," मी कुजबुजले आणि सरळ मॅडमकडे वळले. "इथून शिकलेल्यांचं पुढे काय होतं? भिंतीवर फोटो लावलेल्यांचं नको, सगळ्यांचं सांगा."

मॅडमनी चष्मा काढला. "ही कोण तुमची?"

"भाची," मावशी ओशाळून म्हणाली. "आमच्या घरची इन्स्पेक्टर."

"बरं, इन्स्पेक्टर. काही जणी शिकवतात, काही अतिदक्षता विभाग सांभाळतात, काही वॉर्डप्रमुख झाल्या. आणि काही जुन्याच जागी बढतीची वाट बघतायत. पदवी मिळाली म्हणून खुर्ची चालत येत नाही."

मला हे उत्तर फार आवडलं. नुसती साखर पेरली असती, तर मी तिथेच नापास केलं असतं.

"आणि पेशंटपासून लांब जावं लागतं का?" मावशीने शेवटी विचारलंच.

"ते मी सांगण्यापेक्षा सरावाची खोली बघा."

तिथे पलंगांवर माणसाएवढे बाहुले झोपले होते, चक्क श्वास घेत. एकाच्या पायाला माझा धक्का लागला आणि मी त्याला सॉरी म्हणाले. मावशीने ते ऐकलं. याच पदव्युत्तर वर्गातली, शेवटच्या वर्षाची एक ताई आम्हाला तिचा अभ्यास समजावत होती: ऑपरेशननंतर पेशंट पलंगावरून का पडतात, आणि ते कसं थांबवायचं.

तेवढ्यात खट्ट आवाज झाला. जाता जाता मावशीने एका पलंगाचा खाली असलेला कठडा वर ओढला होता. सगळे बघायला लागले.

"सवय," मावशी लाल झाली. "पडला बिडला तर."

"बाहुला आहे तो," मी म्हणाले. मॅडम खळखळून हसल्या.

मग ताईने दुसऱ्या पलंगाचा कठडा खाली केला आणि पेशंटला कुशीवर कसं वळवायचं ते दाखवलं. मॅडमनी मागून काहीतरी विचारलं, म्हणून ती वळून उत्तर द्यायला लागली. बोलणं तिकडे आणि हात इकडे. तिने न बघताच कठडा वर ओढला. खट्ट.

तिला स्वतःला कळलंही नाही. मावशीला कळलं. ती त्या हाताकडे बघतच राहिली.

जिन्यावर मावशी म्हणाली, "दोन वर्षं होत आली की तिला इथे."

"हो."

"तरी हात तिथेच जातो."

मी समजावणीचं एक मोठं भाषण तयार ठेवलं होतं. ते तसंच गिळलं.

मावशी पायरीवर थांबली, प्रवेश कक्षाला फोन लावला आणि म्हणाली, "हो, मी प्रवेश घेतेय." आवाज अगदी वॉर्डातला, खणखणीत.

"मग इन्स्पेक्टर, शेरा काय?"

"पास."

"कोण, मी की कॉलेज?"

"दोघंही."

"छान. आता घरी गेल्यावर तुझ्या आईला सांगते, तू त्या बाहुल्याला सॉरी म्हणालीस ते."