मेंढरं वाढली म्हणे

मी एक जुनी पितळी घंटी आहे. मित्रांनो, माझा जन्म नातेपुत्याचा. तिथल्या एका ओताऱ्याने मला ओतले आणि बिरप्पा धनगराने बाजारातून आणून आपल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यात बांधले. मी वाजले की अख्खा कळप मागे यायचा. "हिच्याबिगार माझी मेंढरं पाऊल उचलत न्हाईत," असे तो पाहुण्यांना सांगे. मग मी उगीचच आणखी जोरात वाजे.

एक गोष्ट मला कधीच कळली नाही. बिरप्पा मेंढरे मोजत नसे. मोजली की दृष्ट लागते म्हणे. संध्याकाळी नुसती तोंडे बघून तो कोण मागे राहिले ते ओळखी.

पुढे सरकारने मुलखातली सगळी जनावरे मोजायला काढली. तलाठी येणार हे कळताच बिरप्पा घाईघाईने घरी आला. "मोजत्यात म्हंजे चराईची पट्टी वाढवणार की," तो बायकोला, केराबाईला म्हणाला. तिला घरी ठेवून त्याने गाभण मेंढ्या आणि कोकरे, म्हणजे निम्मा कळप, म्होरक्यामागून नेऊन ओढ्यापलीकडे दडवला. माझा आवाज होऊ नये म्हणून माझ्या पोटात लोकर कोंबली. माझे काय चुकले, ते मला समजेना. घरी केराबाईने तलाठ्याला सांगून टाकले, "व्हय रावसाहेब, एवढीच हायती."

पट्टी काही वाढली नाही. पण काही वर्षांनी पावसाने पाठ फिरवली आणि माळ करपला. सरकारी गवत आले, ते मोजलेल्या जनावरांपुरतेच.

"रावसाहेब, माझी मेंढरं ह्याच्या दुप्पट हायती," बिरप्पा हात जोडून म्हणाला.

"मग मोजणीच्या दिवशी कुठं होती?" तलाठ्याने विचारले.

बिरप्पा मान खाली घालून परतला. केराबाईने ते गवत सगळ्यांना थोडे थोडे घातले. कुणाचेच पोट भरले नाही. तिनांतले एक मेंढरू गेले, आणि गाभण मेंढ्या सगळ्यांत आधी गेल्या. मला फार वाईट वाटले.

पुन्हा मोजणी आली तेव्हा बिरप्पाने उरलेली झाडून सारी मेंढरे पुढे आणली. मागच्या खेपेला निम्मीच दाखवली होती. उरलेली त्याहून जास्त भरली.

"बिरप्पा, तुझी मेंढरं वाढली की," तलाठी खुशीत म्हणाला. "साऱ्या तालुक्यात अशीच वाढलीत."

मी चक्रावले. वाढली, तर वाडा एवढा रिकामा कसा? बिरप्पाही खुळ्यासारखा बायकोकडे बघत राहिला.

"व्हय," केराबाई म्हणाली, "कागदावर व्याली असतील."

मित्रांनो, देशात जनावरे वाढली की घटली, यावर शहाणी माणसे अजून वाद घालतात. मला त्यातले काही उमगत नाही. पण तुमच्यापैकी कुणी मोठेपणी जनावरे मोजायला गेलात, तर आधी मालकाजवळ घटकाभर बसा आणि त्याला कशाची भीती वाटते ते विचारा. मेंढरे मग मोजा. बिरप्पाला ते कुणी विचारलेच नाही.