अख्ख्या पेठेचं एक पुस्तक

चौऱ्याहत्तर साली भवानी पेठेतल्या वाचनालयानं ठरवलं, अख्ख्या पेठेनं एकच पुस्तक वाचायचं. कल्पना ग्रंथपाल चन्नवीरची. पुस्तक निवडायचा मान मात्र अध्यक्ष सिद्धप्पांचा, कारण सगळ्या प्रती त्यांच्या देणगीतून यायच्या होत्या. सिद्धप्पांचं चादरींचं दुकान. वाचायला सवड कुठली? त्यांनी चार-पाच कादंबऱ्यांची मुखपृष्ठं पाहिली आणि देवापुढं दिवा लावणाऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"ही घ्या. बायकांवर चांगले संस्कार होतील."

"मालक, आतली गोष्ट जरा वेगळी हाय," चन्नवीर चाचरत म्हणाला.

"वेगळी कशी आसंल? बाहेर दिवा दिसतोय की!"

प्रती घरोघर फिरल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासाठी विड्या वळणाऱ्या बायकांच्या अंगणात दुपारचं वाचन सुरू झालं. वाचून दाखवायला अध्यक्षांचीच बायको बसली, हेमावती. अडलं तिथं ती कानडीत सांगायची, मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगायची. गोष्टीतली बाई धान्याच्या व्यापाऱ्याची बायको. जन्मभर नवऱ्याचं ऐकलेलं. एक दिवस ती दुकानाच्या किल्ल्या उचलते आणि सरळ गादीवर जाऊन बसते. त्या दुपारी विड्या वळणारे हात थांबले.

"ते किल्ल्यांचं परत वाच," त्यांच्यातली मल्लव्वा म्हणाली.

हेमावतीनं परत वाचलं. घरी आल्यावरही ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना.

"कसं चाललंय वाचन?" सिद्धप्पांनी जेवताना विचारलं.

"लई रंगलंय."

"रंगणारच. निवड कुणाची हाय!"

समारोपाला पटांगण भरलं. सिद्धप्पा माईकसमोर उभे राहिले. "या पुस्तकातली बाई म्हणजे आदर्श! पेठेतल्या प्रत्येक बाईनं तिच्यासारखं वागावं. सुरुवात माझ्या घरापासून होऊ दे!"

बायकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की सिद्धप्पांचे डोळे भरून आले. चन्नवीर तेवढा खाली मान घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी सिद्धप्पा दुकानात पोचले, तर हेमावती गादीवर. किल्ल्या तिच्या कमरेला होत्या, आणि त्यांना बघूनही ती उठली नाही.

"हे काय चाललंय?"

"काल तुम्हीच म्हणालात की, घरापासून सुरुवात."

मल्लव्वा दोघी-तिघींना घेऊन चादरी बघायला आली होती. शेजारचे दुकानदार डोकावत होते. आपण पुस्तक वाचलंच नाही, हे एवढ्या लोकांत कसं सांगणार? सिद्धप्पा हसल्यासारखं करून घरी गेले.

संध्याकाळी हेमावती परतली, तेव्हा ते चष्मा लावून वाचत बसले होते.

"लिहिलंय बाकी चांगलं," ते नाइलाजानं म्हणाले. "पण ती गादीवर बसल्यावर नवऱ्याचं पुढं काय झालं?"

"त्याचं पुढं काही दिलेलं नाही," हेमावती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

सिद्धप्पांनी तरीही राहिलेली पानं उलटून पाहिली.