उजवी बाजू मामाची

नऊ वर्षं आमच्या सायकलच्या दुकानात एकच रीत होती. पेडलचा आस ज्या दोन कपांत फिरतो, ते बॉटम ब्रॅकेटचे कप बसवायची वेळ आली की मामा सायकलच्या उजवीकडे उभा राहायचा आणि मी डावीकडे. उजवा कप तो आवळायचा, डावा मी. मामी म्हणायची, "दोघं मिळून एक अख्खा मिस्त्री होता बाई तुम्ही!"

मग मामाचं उजवं मनगट मोडलं. आता पूर्वीचा जोर येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मामा दुकानात आला आणि म्हणाला, "ठमे, माझी स्वतःची सायकल एकटीने उभी कर. कप, पेडलचे दांडे, सगळं. नीट झाली तर दुकानाची चावी तुझी. नाहीतर नाक्यावरचा मोठा दुकानवाला हे दुकान विकत घ्यायला मागे लागलाच आहे."

सायकल अठरा वर्षांची, ॲल्युमिनियमची, मामाच्या जिवातली. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि बाह्या वर केल्या.

"मी पाठ करून बसतो," मामा म्हणाला. "बघितलं की तोंड उघडणार माझं."

"पाठ करूनही उघडेलच," मामी स्टुलावरून बोलली.

कप ज्यांत फिरवून बसवतात ते फ्रेममधले आटे मी ब्रशने साफ केले, बोटाने ग्रीस फिरवलं. टॉर्क पाना चाळीसवर लावला. ठरवलेला जोर लागला की हा पाना 'टक्' करतो, आणि तो टक् म्हणजे मामाच्या दुकानातला देवाचा शब्द. पहिल्याच दिवशी मला दम भरलेला: "हाताला विचारायचं नाही. हात सकाळी एक सांगतो, दुपारी दुसरं. टक् होईपर्यंत फिरव, टक् झालं की हात काढ."

सवयीने आधी डावा कप घेतला. टक्. मामाची पाठ समाधानाने हलली.

मग वळसा घालून, नऊ वर्षांत पहिल्यांदा, मी मामाच्या जागी उभी राहिले. उजवीकडचे आटे उलटे असतात, हे मला पाठ होतं. पाना उलटा फिरवायला घेतला. कप आत गेला, टेकला, घट्ट झाला. हात म्हणाला, बस. पण टक् झालं नाही.

"झालं?" मामाने विचारलं.

"टक् येत नाहीये."

"मग फिरव की! घाबरतेस काय?"

फिरवला. पाय रोवले, खांदा लावला. हात ओरडून सांगत होता, बस गं बाई. मी त्याचं ऐकलं नाही. आणखी थोडं.

आणि हात एकदम हलका झाला. ओल्या मातीतून खुंटा निघावा तसा. कप बोटांनी फिरवला तर गरगर फिरला. बाहेर ओढला, तेव्हा ग्रीसमध्ये चकचकीत तारा गुंडाळल्या होत्या. सायकलचे आटे सोलून बाहेर आले होते.

"अगंबाई," मामी म्हणाली. "हे काय निघालं पोटातून?"

मामा वळला. त्याने कप बघितला, पाना बघितला, मी कुठल्या बाजूला उभी आहे ते बघितलं. मला वाटलं, गेलं. दुकान गेलं, नऊ वर्षं गेली.

"मामा, चुकलं माझं. हात थांब म्हणत होता..."

"तो पाना," मामा म्हणाला, "उलटा फिरवला की टक् करत नाही. एकाच बाजूला बोलतो तो."

"मग तू इतकी वर्षं उजवा कप..."

"साध्या पान्याने. हाताच्या अंदाजाने." तो भिंतीला टेकला. "तुला हाताला विचारू नको म्हणून ओरडायचो, आणि पलीकडे उभा राहून मी तेच करायचो. मध्ये सायकल. तुला दिसायचं नाही. सांगायची लाज वाटली, ठमे. मग सांगायचं राहून गेलं, आणि मग आपण सांगितलं नाही हेच विसरलो. आत्ताही फिरव म्हणालो. मीच म्हणालो ना?"

"तुम्हीच म्हणालात," मामी म्हणाली. नेहमीसारखी टोचून नाही, अगदी हळू.

पुढे फ्रेमच्या आट्यांची गरजच नसलेले, एकमेकांतच आवळले जाणारे कप घालून ती सायकल आम्ही उभी केली, ती गोष्ट निराळी. त्या क्षणी मामा जमिनीवर बसला आणि त्या चकचकीत तारा डाव्या तळहातावर घेऊन बघत राहिला. मी चावीचं विचारलं नाही. त्यानेच विषय काढला.

"चावी आज देत नाही."

मी मान खाली घातली.

"तसं नाही गं वेडे. दुकान तुझंच. पण आणखी काय काय सांगायचं राहिलंय, ते मलाच ठाऊक नाही." त्याने मोडीतली एक जुनी फ्रेम पायाने पुढे ओढली. "हिच्या उजवीकडे ये. साधा पाना घे."

मी पाना धरला. मामाने आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला.

"उलटा फिरव," तो म्हणाला. "हात काय म्हणतो, ते मोठ्याने सांग मला."