किरणांचे चार रविवार

मी भुरी. पेणजवळच्या जोह्यात दाजींचा गणपतीचा कारखाना आहे, तिथली मांजर. आता माझं वय झालंय. डावा डोळा दुधाळ झालाय. उन्हात पडल्या पडल्या आठवतं तेवढं सांगते.

जन्म माझा रोह्याचा, मैनाच्या माहेरी. नवी नवरी मैना पहिल्यांदा माहेराहून परत निघाली, तेव्हा तिने मला पिशवीत घातलं आणि गाडीने इकडे आणलं. तिचा नवरा दिवसभर कंपनीत. घरात सासरे, म्हणजे दाजी. सासू हौसाबाई लग्नाच्या आधीच गेलेली.

"मूर्तीवर चढली तर बाहेर टाकीन," दाजी म्हणाले.

मी चढलेच. ओल्या शाडूवर पंजा उठला. दाजी खूप ओरडले आणि संध्याकाळी स्वतःच्या ताटातलं बोंबलाचं डोकं मला घातलं. माणसं तोंडाने एक असतात, हाताने दुसरीच.

काय दिवस होते ते! मैना श्वास रोखून मूर्तींचे डोळे आखायची आणि मी तिच्या गुडघ्याला टेकून बसायची. ओली माती, काथ्या, रंग, दाजींची तंबाखू, सगळा कारखाना मी नाकानेच ओळखायची.

पंच्याण्णव साली तेच नाक बिघडलं. आधी शिंका, मग रक्त. वास येईना म्हणून खाणं सुटलं. पेणच्या गुरांच्या डॉक्टरांनी औषधं देऊन पाहिली, शेवटी मुंबईला तपासायला पाठवलं. नाकात कॅन्सर निघाला. किरणं द्यावी लागतील, म्हणाले.

"मांजराला कॅन्सर? आन् त्यासाठी मुंबई?" दाजींचा आवाज चिरकला. "माझ्या हौसाला नाय नेली कोणी मुंबईला!"

मैनाने मला उचलून मांडीवर घेतलं. मग हळूच म्हणाली, "तेव्हा मी या घरात नव्हते, दाजी. आता हाय."

दाजी उठून बाहेर गेले. पण रविवारी सकाळी पेणच्या स्टँडवर माझी टोपली त्यांच्याच मांडीवर होती.

"टोपलीत काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"पेशंट हाय," दाजी म्हणाले.

किरणांचं मशीन माणसांच्या इस्पितळातलं. रविवारी ते बंद असायचं, म्हणून तिथल्या अनिता डॉक्टरीणबाईंनी माझी सोय तेव्हा केली होती. मला भूल द्यायचे, त्यामुळे मी काहीच पाहिलं नाही. मैना शेजारच्या इंदुबाईला सांगत होती, तेव्हा ऐकलं.

मशीन सुरू असताना आत कोणी थांबायचं नसतं. मला एकटीला निजवून सगळे बाहेर आले. दाजी जाड काचेला हात लावून उभे राहिले.

"दुखत नाय ना तिला?"

"नाही आजोबा. अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हौसाला लय दुखायचं," दाजी म्हणाले आणि तिथेच रडायला लागले. ती गेली तेव्हासुद्धा ते रडले नव्हते म्हणे.

असे चार रविवार गेलो. महिन्याभराने एका दुपारी मला तळलेल्या मांदेलीचा वास आला! मी धावत चुलीपाशी गेले. मैनाने मला उचलून इतकं आवळलं की मी ओरडले. नाकावरचे केस गळले आणि नवे पांढरे आले. पुढे डोळाही किरणांनीच मंदावला. पण त्यानंतर मी तीन गणपती पाहिले. रोज दुपारी दाजी मला जवळ घेऊन हौसाबाईच्या गोष्टी सांगतात. ती कशी हसायची, कशी रुसायची.

परवा पुन्हा शिंकेतून रक्त आलं. मैनाने लगेच टोपली काढली.

दाजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "राहू दे गो. थकली ती. आता हितंच राहू दे तिला."

मैनाने टोपली खाली ठेवली.

दाजी बरोबर बोलले. मैना, माझं आता एवढंच मागणं. मी गेले की दुपारी दाजींजवळ जरा बसत जा आणि हौसाबाईचं काहीतरी विचार. मी नुसतं ऐकायची. तू विचारलंस, तर ते पुष्कळ सांगतील.